‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ म्हणजे नेमके काय केले?

शाळेच्या विज्ञानफलकावर लावण्यासाठी आपण वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवतो. त्यांतील बरीचशी ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की’ अशी सुरू होतात आणि निष्कर्ष सांगून तिथेच संपतात. रेणूचा ट्रान्झिस्टर तयार झाला. गुरांच्या औषधामुळे गिधाडे मेली. सुसंवादी स्वरांची आवड जन्मजात नसते. इलेक्ट्रॉनिक्स, वन्यजीवांचे आरोग्य आणि संगीत या तीन क्षेत्रांतील अशा तीन बातम्या फलकावर शेजारी शेजारी लावल्या, तर तिन्ही सारख्याच विश्वसनीय दिसतात. वास्तविक त्यांतले पहिले संशोधन बनावट होते. दुसरे, आमच्या मते, आपल्या उपखंडात झालेल्या उत्तम संशोधनांपैकी एक आहे. तिसरे काळजीपूर्वक केलेले आहे, पण त्यावरून काढले गेलेले अर्थ फार सैल आहेत. हा फरक कात्रणात उतरत नाही, कारण तो ज्या भागात असतो नेमका तोच भाग बातमी करताना कापला जातो. आमची तक्रार केवळ पत्रकारांबद्दल नाही. पाठ्यपुस्तके हेच करतात, आणि वर्गात आपणही.

रेणूच्या ट्रान्झिस्टरची हकीकत आधी पाहू. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज ही इलेक्ट्रॉनिक्सची पंढरीच म्हणावी अशी संस्था. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा जन्म तिथेच झाला. तिथे काम करणाऱ्या यान हेन्ड्रिक श्योन या तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने २००० आणि २००१ या वर्षांत एकापाठोपाठ एक चकित करणारे शोधनिबंध प्रसिद्ध केले. २००१ साली तर सरासरी आठ दिवसांना एक निबंध असा त्याचा वेग होता. रेणूंच्या एकपदरी थराचा, आणि पुढे तर एकट्या रेणूचा ट्रान्झिस्टर चालवून दाखवल्याचा दावा त्यांत होता. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांनी हे निबंध छापले. म्हणजे तज्ज्ञ परीक्षकांच्या नजरेखालून ते गेले होते. इतर प्रयोगशाळा तोच प्रयोग करून पाहू लागल्या, आणि कोणालाच तो जमेना.

२००२ साली लिडिया सोन आणि पॉल मॅकुएन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी श्योनचे आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. वेगवेगळ्या उपकरणांचे म्हणून छापलेल्या आलेखांतील खरखर हुबेहूब सारखी होती. खरखर म्हणजे रेडिओचा काटा दोन केंद्रांच्या मध्ये असताना ऐकू येते तशी. कोणत्याही विद्युत मोजमापात असे बारीक, अनियमित चढउतार असतातच. दोन प्रयोगांचा निष्कर्ष सारखा येऊ शकतो. पण खरखर दोनदा सारखी येणे म्हणजे पावसाच्या दोन सरींचा प्रत्येक थेंब अंगणात त्याच त्या जागी पडणे. पुढे माल्कम बीझली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने मूळ नोंदी मागितल्या तेव्हा नीट ठेवलेली प्रयोगवही नव्हती, आणि संगणकात जागा पुरत नसल्याने नोंदी पुसून टाकल्याचे सांगण्यात आले. सप्टेंबर २००२ च्या अहवालात २४ आरोपांपैकी १६ बाबतींत गैरवर्तन झाल्याचा निर्वाळा दिला गेला. सहलेखक त्यातून मुक्त ठरले. ‘सायन्स’ने ८ आणि ‘नेचर’ने ७ निबंध मागे घेतले.

‘पाहा, विज्ञान स्वतःला सुधारते’ असे या प्रकरणाचे तात्पर्य सांगण्याची पद्धत आहे. आम्हाला ते फार सोयीचे वाटते. विज्ञानाने आपोआप काहीच सुधारले नाही. कोणीतरी दोन कागद एकमेकांशेजारी ठेवण्याचे कष्ट घेतले, तेव्हा ते उघडकीस आले. तोवर कित्येकांचे श्रम वाया गेले होते. आणि परीक्षकांना जे दिसले नाही ते निष्कर्षात नव्हतेच, ते कच्च्या नोंदींत होते. आपल्याकडे लंबकाच्या प्रयोगात चाळीस मुलांच्या जर्नलमध्ये गुरुत्वत्वरणाची किंमत अगदी पुस्तकातली येते, तेव्हा रीडिंग ‘बसवलेले’ आहे हे आपल्याला कळते. तरीही आपण सही करतो. ज्या मुलाचे उत्तर थोडे चुकलेले आणि नोंदी खऱ्या, त्याचे गुण मात्र कापतो.

आता गिधाडांकडे वळू. ही हकीकत आपल्या अंगणातली आहे, म्हणून ती सविस्तर पाहिली पाहिजे. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा भारतात अगदी सामान्य पक्षी होता. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात थवा उतरे. १९९० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्यांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे नोंदवले. पुढील गणनांवरून दिसले की १९९२ ते २००७ या काळात या जातीची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईत डुंगरवाडीच्या पारशी समाजाला आपल्या मृतांसाठी सौर परावर्तक बसवावे लागले, ते याच कारणाने.

कारण काय असावे? अन्नाचा तुटवडा म्हणावा तर मेलेली जनावरे कुजत पडत होती आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांची चंगळ चालली होती. कीटकनाशकांचा संशय साहजिक होता, कारण डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचा इतिहास होता. पण इथे प्रौढ पक्षीच मरत होते. उरला साथीचा रोग. हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच सुमारास मृत्यू होत होते आणि आजारी वाटणारी गिधाडे मान खाली टाकून बसलेली दिसत. हे अनुमान मुळीच मूर्खपणाचे नव्हते. ते २००३ साली मांडणाऱ्या निबंधाच्या शीर्षकाअखेर प्रश्नचिन्ह होते. फार थोड्या बातम्यांत ते प्रश्नचिन्ह टिकले.

त्याच सुमारास लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातील पंजाबात मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन करत होते. बहुसंख्य पक्ष्यांच्या अवयवांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर आढळला. तो युरिक आम्लाचा होता. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. जिवाणू, विषाणू, जड धातू, कीटकनाशके अशा एकेका संशयिताची तपासणी झाली आणि प्रत्येक सुटत गेला. मग त्यांनी प्रश्न फिरवला. गिधाडाचे अन्न म्हणजे पाळीव जनावर. तर या जनावरांना असे कोणते औषध दिले जाते, जे पोटातून शोषले जाते आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकते? गुरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्याकडे केलेल्या चौकशीत डायक्लोफिनॅक हे नाव पुढे आले. माणसांच्या सांधेदुखीवर घेतले जाते तेच हे औषध.

२००४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधातील दोन आकडे मुलांना पाठ व्हावेत असे आहेत. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ गिधाडांच्या शरीरात हे औषध सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकाच्याही शरीरात ते सापडले नाही. बातम्यांत पहिला आकडा राहतो आणि दुसरा गळतो. दुसऱ्यावाचून पहिल्याला काय किंमत आहे? त्या प्रदेशातील प्रत्येकच गिधाडाच्या पोटात डायक्लोफिनॅक जात असते, तर २५ पैकी २५ चा अर्थ शून्य झाला असता. ते १३ पक्षी हा या संशोधनाचा कणा आहे.

एवढ्यावरही ते थांबले नाहीत. पिंजऱ्यातील थोड्या गिधाडांना हे औषध दिले, तसेच औषध दिलेल्या म्हशी-शेळ्यांचे मांस खाऊ घातले, आणि तोच आजार निर्माण झाला. दुर्मीळ होत चाललेल्या पक्ष्यांवर असा प्रयोग करावा का, हा प्रश्न रास्त आहे. प्रयोगातील पक्ष्यांची संख्या लहान ठेवली गेली त्यामागे हीच अडचण. पण हा टप्पा वगळला असता तर ‘दोन गोष्टी बरोबर आढळतात’ इतकेच म्हणता आले असते.

तरी एक शंका उरतेच. प्रत्येक जनावराला मरण्याआधी औषध थोडेच दिलेले असते? मग गिधाडे इतकी कशी मरतील? याचे उत्तर २००४ सालीच दुसऱ्या एका अभ्यासगटाने गणिताने दिले. घातक प्रमाणात औषध असलेली मृत जनावरे ७६० मध्ये १ ते १३० मध्ये १ इतकी असली, तरी दिसलेल्या घटीला ती पुरेशी होती. बारावीच्या वर्गाला हे सहज करून पाहता येईल. मानूया की एक गिधाड तीन दिवसांनी एकदा, म्हणजे वर्षातून सुमारे १२० वेळा जेवते आणि २०० मृत जनावरांत १ विषारी असते. एका जेवणातून वाचण्याची संभाव्यता ०.९९५; वर्षभर वाचण्याची ०.९९५ चा १२० वा घात, म्हणजे सुमारे ०.५५. दर वर्षी जवळजवळ निम्मी गिधाडे संपतील. जोडी वर्षाला फार तर एक पिल्लू वाढवते, तेव्हा ही तूट भरून कशी निघणार?

भारताने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित झाला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवर बंदी आली. यांतले दुसरे तर गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनते. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध चाचण्यांत तावून सुलाखून निघाले होते, तेही २००६ पासून ठाऊक होते. आणि ती मान टाकून बसण्याची लकब? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिचा मृत्यूशी संबंध आढळला नाही. ती बहुधा उन्हाच्या तलखीची लक्षण होती.

गिधाडांविषयी अलीकडे गाजलेला आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे ५ लाख जादा मानवी मृत्यू झाले, असे अनुमान २०२४ साली अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात आले. पूर्वी गिधाडे विपुल असू शकतील असे जिल्हे आणि तशी नसतील असे जिल्हे यांच्या मृत्युदरांची आधीची व नंतरची तुलना करून ते काढले आहे. पद्धत विचारपूर्वक वापरलेली आहे. पण ओक्स यांच्या २५ आणि १३ च्या पंक्तीला हा आकडा बसवू नये. तिथे पक्षी मोजले होते, इथे मृत्यूंमागचे कारण तुलनेतून ताडले आहे.

राहिले संगीत. स्नेहसंमेलनात ‘संगीत ही साऱ्या जगाची भाषा’ हे वाक्य एकदा तरी कानी पडतेच, आणि ध्वनीच्या धड्याचा त्याला आधार मिळतो: तार षड्जाची वारंवारता षड्जाच्या दुप्पट, पंचमाची दीडपट, गुणोत्तर सोपे म्हणून स्वर गोड. पायथागोरसच्या नावावर चालत आलेला हा विचार बरोबर असेलही. पण तो ज्यांच्यावर तपासला गेला, ते बहुतेक सगळे जन्मापासून तसेच संगीत ऐकत आलेले होते.

बोलिव्हियाच्या सखल अरण्यभागात त्सिमाने नावाचे लोक राहतात. ते गातात, वाजवतात, पण एका वेळी एकच स्वरावली. दोन वेगळे स्वर मुद्दाम एकत्र वाजवण्याची चाल त्यांच्यात नाही. जोश मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी त्यांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवून ते किती आवडले हे विचारले. निष्कर्ष २०१६ साली ‘नेचर’मध्ये आला. अमेरिकन श्रोत्यांना सुसंवादी मेळ स्पष्टपणे अधिक आवडले, बोलिव्हियाच्या शहरी आणि गावातील लोकांना थोडे अधिक, त्सिमानेंना दोन्ही सारखेच.

इथे चिकित्सक वाचकाने लगेच हात वर करायला हवा. त्यांना प्रश्नच कळला नसेल तर? पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यालाच ‘बरे आहे’ म्हटले असेल तर? संशोधकांनी याची तजवीज केली होती. त्याच लोकांना त्यांनी हसण्याचे आणि दचकून श्वास ओढल्याचे आवाज ऐकवले. हसणे त्यांना अमेरिकनांसारखेच आवडले. कृत्रिम खरखरीत आणि मुलायम ध्वनींपैकी खरखरीत ध्वनी त्यांनाही नकोसे वाटले. म्हणजे प्रश्न कळला होता, नापसंती सांगायला संकोच नव्हता. तरीही स्वरमेळांत फरक पडला नाही. गिधाडांच्या अभ्यासात जे काम त्या १३ पक्ष्यांनी केले, ते इथे या हसण्याने केले.

यावरून ‘संगीताची गोडी हा केवळ संस्कार’ असा अर्थ काढणे ही मात्र घाई होय. प्रयोग स्वरमेळांपुरता होता, आणि खरखरीचा तिटकारा तर सर्वांत सारखाच निघाला. २००९ साली कॅमेरूनमधील माफा लोकांना अनोळखी पाश्चात्त्य पियानोवादनातील आनंद, दुःख आणि भीती अंदाजाने येईल त्याहून जास्त वेळा ओळखता आली होती. त्यांना मूळ तुकडे विसंवादी केलेल्या तुकड्यांपेक्षा अधिक आवडलेही. पण ते तुकडे विसंवादी केले होते त्यांतच सूर सरकवलेली दुसरी प्रत मिसळून; तसे केले की खरखर वाढतेच. माफांना नावडली ती विसंगती की खरखर, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.

आपल्या मंडळींना इथे भरतमुनींची आठवण होईल. नाट्यशास्त्रात षड्ज-पंचमाचा संवाद सांगितला आहे हे खरे. पण तेवढ्याने तो निसर्गदत्त ठरत नाही. आपल्या परंपरेला तो फार पूर्वीपासून प्रिय आहे एवढेच ठरते. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेला कान या प्रयोगातील कोणत्याच गटात नव्हता.

शाळेत पेटी असेल तर नववीच्या वर्गात एक तास यासाठी द्यावा. सा आणि प एकत्र, नंतर सा आणि कोमल रे एकत्र वाजवून मुलांकडून आवडीचे गुण चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत. त्याआधी फळ्यावर नख ओढल्याचा आवाज आणि लहान मुलाचे हसणे यांनाही गुण द्यायला लावावे. आणि चिठ्ठ्या उघडण्यापूर्वी कोणाच्या घरी पेटी किंवा तंबोरा वाजतो, हे प्रत्येकाला चिठ्ठीच्या मागे लिहायला सांगावे.