दार कुणी उघडायचे? : 'कौन' पाहताना

भयपट म्हटला की आपल्याकडे अजूनही रामसे बंधूंचे नाव आधी निघते. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून १९८४ च्या 'पुराना मंदिर'पर्यंत आणि त्यानंतरही या कुटुंबाने कमी पैशांत भीतीचा धंदा चालवला. 'पुराना मंदिर'मधला सामरी दिसायलाच असा की त्याच्याबद्दल कुणाला शंका राहू नये. त्याचा बंदोबस्त करायला त्रिशूळ तयार असतो. अशा भीतीत एक सोय असते. सैतान कोण हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याच्यावरचा इलाजही ठाऊक असतो. तावीज असो, त्रिशूळ असो की क्रूस, शेवटी धर्म धावून येतो आणि प्रेक्षक निर्धास्त घरी जातो.

२६ फेब्रुवारी १९९९ रोजी प्रदर्शित झालेल्या राम गोपाल वर्मांच्या 'कौन'ने ही सोय काढून घेतली. एक घर, एक पावसाळी दिवस, तीन नट. गाणे एकही नाही. चित्रीकरण पंधराएक दिवसांत उरकले असे सांगितले जाते, आणि चित्रपट पाहिल्यावर ते पटतेही. पटकथा अनुराग कश्यप यांची. कॅमेरा मझहर कामरान यांचा, आणि त्याचे श्रेय मोठे आहे. एवढ्याशा घरात तो जिन्यावरून, खिडकीतून, दाराच्या फटीतून असा काही फिरतो की घर संपतच नाही. संगीत मात्र आमच्या मते फार गाजावाजा करते. संदीप चौटा यांनी जिथे गप्प राहायला हवे होते तिथेही प्रेक्षकाला दचकवण्याची घाई केली आहे. पावसाचा आवाज तेवढा पुरला असता.

गोष्ट सांगायला सोपी आहे. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) एक तरुणी घरात एकटी आहे. तिला नाव नाही. टीव्हीवर बातमी येते की एक खुनी मोकळा फिरतो आहे. दाराची घंटा वाजते. बाहेर एक माणूस मल्होत्रासाहेबांची चौकशी करीत उभा असतो. तो जात नाही, पुन्हा पुन्हा घंटा वाजवतो, आत घ्या म्हणून गयावया करतो. पुढे तिसरा माणूस येतो. तो स्वतःला पोलीस म्हणवतो आणि तो पोलीस नाही हे यथावकाश उघड होते. आता या दोघांतला खुनी कोण, एवढाच प्रश्न उरला असे आपण धरून चालतो. आणि खुनी निघते ती घरातली मुलगी.

त्या वेळी प्रेक्षकांचा प्रतिसाद थंड होता. ते स्वाभाविकही होते. आदल्याच वर्षी 'सत्या' येऊन गेला होता. त्यातला भिकू म्हात्रे लोकांच्या तोंडी होता आणि मनोज वाजपेयीकडून त्यांना पुन्हा तसेच काही हवे होते. उर्मिला मातोंडकर म्हणजे 'रंगीला'. ती नाचत नाही, गात नाही, मळकट उजेडात नखे खात बसते, हे तिकीट काढून पाहायचे कशाला? ज्यांनी हिचकॉकचा १९६० चा 'सायको' पाहिला होता त्यांनी नाक मुरडले. बाकीच्यांचा एकच सवाल होता, तिने खून केले का? तिचे कुणी काय वाईट केले होते? आपल्या प्रेक्षकाला वेडालाही कारण लागते. लहानपणीचा अन्याय, बापाचा खून, काहीतरी हवे. 'कौन' असे काहीच पुरवत नाही. त्यामुळे दीड तासाच्या आसपासचा हा चित्रपट पुष्कळांना अर्धवट वाटला. पुढे केबलवर आणि सीडीवर मात्र तो हळूहळू घराघरांत पोचला, आणि जिथे पाहायला हवा होता तिथे, म्हणजे बंद दाराच्या आत, पाहिला गेला.

आम्ही तो ठाकुर्लीला पाहिला. एके काळी रेल्वेच्या चोळे पॉवर हाऊसमुळे ओळखले जाणारे हे डोंबिवली आणि कल्याणच्या मधले स्टेशन. पॉवर हाऊसच्या या गावात वीज जायची ती ऐन मोक्याला. त्या रात्री मात्र गेली नाही. शेजारच्या बिऱ्हाडातली मंडळी आणि आम्ही, आठ-दहा माणसे एका खोलीत. तिसरा माणूस दारात येऊन आपले नाव इन्स्पेक्टर कुरेशी असे सांगतो, तेव्हा कुणीतरी सहज म्हणाले, "झालं, हाच तो." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण खोली क्षणभर गप्प झाली, आणि मग कुणीतरी चहाचे विचारले.

त्या खोलीत एकाच पडद्यासमोर दोन वेगळ्या भीत्या बसल्या होत्या, हे या चित्रपटाबद्दल फारसे कुणी लिहिलेले नाही. शेजाऱ्यांना भीती होती की हा माणूस त्या मुलीला मारील. आम्हांला भीती होती की खुनी कुरेशी निघेल. पहिली भीती चित्रपट संपला की संपते. दुसरी पडद्यावर सुरूच झालेली नसते. ती आपण घरून घेऊन आलेलो असतो. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांना, कल्याणच्या दूधनाक्यावर वाढलेल्या मुलांना ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. बातम्यांत गुन्ह्याची खबर आली की आरोपीचे नाव कळेपर्यंत आपल्या घरांत जो श्वास रोखलेला असतो, तोच हा.

मनोज वाजपेयीच्या पात्राचे नावही मजेशीर आहे. समीर पूर्णवाले. समीर हे नाव दोन्हीकडे ठेवतात. आडनावावरून काही कळेल म्हणावे तर कोकणातल्या मुसलमानांत दळवी आहेत, मुकादम आहेत, सुर्वे आहेत. त्यामुळे 'हा आपल्यातला की त्यांच्यातला' या हिशेबात आमची पहिली वीस मिनिटे गेली. लेखकाने हे जाणून केले की नाही, सांगता येत नाही. पण संशयाचे शास्त्र असेच असते, आधी नाव तपासायचे, मग माणूस.

कुरेशीचे काय? सुशांत सिंग यांनी तो चांगला उभा केला आहे. उद्धटपणा आणि आतला घाबरटपणा, दोन्ही दिसतात. पण चित्रपटाने त्याला जे नाव दिले ते कशासाठी, हा प्रश्न समीक्षकाने विचारायलाच हवा. एक बाजू अशी की त्या नावावर संशय घेणाऱ्या प्रेक्षकाला चित्रपट शेवटी तोंडघशी पाडतो. खुनी कुरेशी नव्हे, खुनी ती, जिच्यासाठी तुमचा जीव वरखाली होत होता. ही बाजू आम्हांला पूर्ण पटत नाही. प्रेक्षकाच्या पूर्वग्रहाला प्रश्न विचारणे वेगळे आणि त्याचा चकवा म्हणून वापर करून घेणे वेगळे. 'कौन' दुसरे काम करतो. कुरेशी खुनी नाही, पण खरा पोलीसही नाही. त्याच्यावरचा एक आरोप खोटा पाडताना चित्रपटाने दुसरा खरा करून ठेवला. त्याच वर्षी एप्रिलअखेर 'सरफरोश' आला. त्यात मुकेश ऋषी यांचा इन्स्पेक्टर सलीम खराखुरा पोलीस आहे, पण त्याला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. एकाच वर्षातले हे दोन इन्स्पेक्टर शेजारी ठेवून पाहावेत. एक खोटा, एक संशयित. साधा, सुट्टीची वाट पाहणारा, कंटाळलेला मुसलमान फौजदार हिंदी पडद्याला तेव्हा सुचत नव्हता.

इतके असूनही 'कौन' आम्ही पुन्हा पाहिला, आणि दुसऱ्यांदा पाहताना तो वेगळाच निघाला. शेवट माहीत असल्यावर मुलीची भीती कमी होते आणि दाराबाहेरच्या माणसाची वाढते. भर पावसात समीर दारात उभा आहे. आपण कोण, कुठून आलो, कुणाकडे काम आहे, सगळे सांगतो. आतून उत्तर येते ते बंद दाराआडून. तो अतिशय कंटाळवाणा, चिकट माणूस आहे, त्याचा राग येतो. पण तो खोटे बोलत नाही. पहिल्या वेळी त्याची प्रत्येक विनंती आपल्याला डाव वाटलेली असते. नाव सांगितल्यावर जागा 'कालच गेली' असे उत्तर ऐकलेला माणूस ठाकुर्लीत आणि डोंबिवलीत आमच्या ओळखीचा आहे. त्याने हा चित्रपट पाहिला तर तो आत बसून नव्हे, समीरच्या बाजूला, पायरीवर उभा राहून पाहील. आणि मग उर्मिलाचा अभिनय किती चोख आहे हेही कळते. घाबरलेल्या एकट्या बाईवर विश्वास ठेवणे हा आपल्या सर्वांचा धर्म असतो, त्या विश्वासाच्या आडोशाला ती शेवटपर्यंत उभी राहते.

आमच्या घरातल्या बायकांचे मत याहून निराळे पडले, तेही नोंदवतो. त्यांचे म्हणणे, दार न उघडणारी मुलगी शहाणीच होती, त्यात पूर्वग्रह कसला? एकटी बाई अनोळखी माणसाला आत घेत नाही. दारातला माणूस कुठल्या जातीचा हे ती नंतर पाहते, तो पुरुष आहे हे आधी. या मुद्द्याला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही, आणि चित्रपटाजवळ तर नाहीच. खरे धोके आणि मानलेले धोके यांची गुंतवळ करून 'कौन' तिचा फायदा तेवढा घेतो.

चार वर्षांनी, मे २००३ मध्ये, वर्मांनी 'भूत' आणला. उर्मिला पुन्हा आहे, पण या वेळी उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, नवऱ्यासह. आधीच्या रहिवाशाचा मृत्यू झालेला असल्याने जागा फारच स्वस्तात मिळालेली. (झपाटलेली का होईना, मिळाली! आमच्या एका मित्राने तिथेच चित्रपटाचा रसभंग केला.) हा पैशाने मोठा आणि नटांनी भरलेला चित्रपट, त्यात मृतात्मा आला, मांत्रिकीण आली, कारण आले. ज्या प्रेक्षकांनी 'कौन'ला कारण मागितले होते त्यांना ते इथे मिळाले आणि ते खूष झाले. आम्हांला मात्र वाटते की वर्मा इथे रामसेंच्या वाड्यात परत गेले, फक्त वाड्याला लिफ्ट बसवली.

पण त्यातला तपास अधिकारीही कुरेशीच आहे. इन्स्पेक्टर लियाकत कुरेशी. भूमिका नाना पाटेकरांची. हा खरा पोलीस आहे, संशय घेण्याचा अधिकार आता त्याच्याकडे आहे, आणि त्याच्या निष्ठेबद्दल चित्रपटात कुणी एक शब्द काढत नाही. हे नाव पुन्हा का आले, ते वर्माच जाणोत. नानांनी ते इतक्या सहजपणे वागवले आहे की बहुतेकांच्या ते लक्षातही राहिलेले नाही. आजही कुणाला विचारा, 'भूत'मधला पोलीस कोण? उत्तर येते, नाना पाटेकर.