आडनावांचे श्रवण: लोकव्युत्पत्तीचा एक तौलनिक विचार

अपरिचित शब्द ओळखीच्या रूपात बसवून घेण्याच्या प्रक्रियेस भाषाविज्ञानात लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती अजाणता घडते, म्हणून सहसा निरुपद्रवी मानली जाते. परंतु हीच प्रक्रिया आडनावांच्या क्षेत्रात शिरते तेव्हा ध्वनिबदलाबरोबर प्रतिष्ठा, वारसा आणि स्मृती यांचेही वाटप होत असते. इंग्रजी आडनावांची काही उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल यांनी भारतातील इंग्रजांच्या बोलीतील शब्दांचा कोश सिद्ध केला. बर्नेल यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८८६ मध्ये, तो 'हॉब्सन-जॉब्सन' या नावाने प्रसिद्ध झाला. रॉबर्ट या नावाचे लाडके रूप 'हॉब'. त्याचा पुत्र तो हॉब्सन. बायबलमधील ईयोबाचे इंग्रजी रूप 'जोब', त्यावरून जॉब्सन. कोशाशी मात्र या पितृनामांचा संबंध नाही. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन! या हुसेन!' हा शोकघोष गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांच्या तोंडी त्याचे हे यमकबद्ध रूप झाले. बदल केवळ ध्वनीत झाला नाही. कोशातील नोंदीनुसार हा शब्द मोहरमबरोबरच एतद्देशीयांच्या उत्सवी गलबल्यासही लावला जाई. शोकाचा तमाशा झाला, तो असा अर्थाच्या पातळीवरही. कोशकारांनी मूळ घोष अचूक ओळखला, परंतु मुखपृष्ठावर शिपायाचाच उच्चार ठेवला. किंबहुना त्याच्या गमतीदारपणामुळेच तो निवडला. विद्वत्तेने मूळ शोधले. उपहास मात्र दूर केला नाही.

इंग्रजी कानाने हा व्यवहार परक्यांशीच केला असे नाही. नॉर्मन विजयानंतर आलेल्या फ्रेंच नावांचेही त्याने इंग्रजीकरण केले. 'सुंदर शेत' असा अर्थ असलेल्या 'बोशां' या नावाचा इंग्रजी उच्चार 'बीचम' झाला. तथापि या नावाचे जुने फ्रेंच लेखन उमराव घराण्यांनी टिकवले, तर उच्चाराप्रमाणे लिहिलेले 'बीचम' हे वेगळे आडनावही रूढ झाले. नाव एकच, ऐकणेही एकच. अक्षरांचा वारसा मात्र दोन ठिकाणी दोन प्रकारचा.

या भेदाचे सर्वांत मर्मभेदी कथारूप टॉमस हार्डी यांच्या १८९१ मधील 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' या कादंबरीत आढळते. डर्बरव्हिल या नॉर्मन नावाचे खेड्यात 'डर्बीफील्ड' झाले आहे. वस्तीवाचक फ्रेंच 'व्हिल' जाऊन तेथे शेतवाचक इंग्रजी 'फील्ड' आले, ही लोकव्युत्पत्तीची रीतच आहे. जुन्या वंशावळींचा छंद असलेला एक पाद्री टेसच्या बापाला वाटेत सहज हे मूळ सांगतो, आणि कादंबरी सुरू होते. त्या आनंदात बाप मद्यधुंद होतो, त्याच्याऐवजी टेसला रात्री गाडी हाकावी लागते, घोडा मरतो, आणि उपजीविकेसाठी तिला 'नातेवाइकां'च्या दारी जावे लागते. ते नातेवाईक मुळात स्टोक. धनिक व्यापारी सायमन स्टोक याने ब्रिटिश म्यूझियममध्ये नामशेष घराण्यांची माहिती चाळून डर्बरव्हिल हे नाव स्वतःस जोडून घेतलेले असते. ज्यांच्याकडे रक्त आहे त्यांच्याकडे नाव मोडक्या रूपात. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्याकडे ते अखंड. व्युत्पत्ती मूळ परत देते, परंतु हक्क परत देत नाही, हे हार्डी यांनी कथानकाच्या रचनेतूनच सिद्ध केले आहे. अखेरीस या कुटुंबाला आश्रय मिळतो तो पूर्वजांच्या थडग्यांजवळ, चर्चच्या भिंतीशी मांडलेल्या पलंगापुरता.

यावरून श्रवणातील विपर्यास हा केवळ सत्तेचा परिणाम ठरवणे मोहाचे आहे. मराठीतील एक उदाहरण त्या निष्कर्षाला आवर घालते. वडगावच्या मोहिमेत जानेवारी १७७९ मध्ये कार्ले येथे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. स्टुअर्ट हे आडनाव 'घराचा रक्षक' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आले. मराठ्यांनी ते 'इष्टुर' असे ऐकले आणि त्यास 'फाकडा', म्हणजे शूर, ही उपाधी जोडली. ध्वनिबदल येथेही आहे. 'इष्टुर' या रूपास मराठीत स्वतंत्र अर्थ नाही. तरीही या मोहिमेत विजयी झालेल्या पक्षाने शत्रूचे मोडलेले नाव आदराने स्मरणात ठेवले. नाव मोडणे ही कानाची मर्यादा असू शकते. मोडलेल्या नावाला कोणता शब्द जोडायचा, ही समाजाची निवड असते.

म्हणून तौलनिक अभ्यासात आडनावाची वा शब्दाची व्युत्पत्ती 'कोठून आला' एवढ्यावर थांबू नये. तो कोणी ऐकला, कोणत्या भावाने ऐकला आणि मूळ रूप जपणारा कागद कोणाच्या हाती राहिला, हे प्रश्नही तिच्या कक्षेत यावयास हवेत. डर्बीफील्ड आणि हॉब्सन-जॉब्सन या दोन्ही नावांत मूळ सापडते. ज्यांचे ते होते त्यांच्या पदरी त्यातून काय पडले, याचा हिशेब मांडणे हे समीक्षेचे काम आहे.