मोजदादीची पोथी

जॉर्जिया लुपी व स्टेफनी पोसावेक या दोन आरेखनकर्त्रींचे ‘डिअर डेटा’ हे २०१६ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक पाहताना गाणगापुरी सप्ताहास बसलेल्या पारायणकर्त्याची आठवण व्हावी, हे प्रथमदर्शनी विचित्रच. एक बाई न्यूयॉर्कला, दुसरी लंडनला. वर्षभर दर आठवड्यास दोघींनी आपल्या दिनक्रमातील एकच गोष्ट मोजावयाची, जसे घड्याळ किती वेळा पाहिले, आभार किती वेळा मानले, तक्रारी किती केल्या. आणि ती मोजदाद रंगीत रेघा-ठिपक्यांनी कार्डावर काढून टपालाने धाडावयाची. चित्र वाचण्याची किल्ली कार्डाच्या पाठीवर. बावन्न आठवडे, १०४ कार्डे. बावन्न ही संख्या श्रीगुरुचरित्राच्या वाचकांस ओळखीची वाटेल. पण त्यात योगायोगाहून अधिक काही शोधू नये.

स्वतःच्याच बारीकसारीक हालचाली टिपीत बसणे हा अहंकाराचा विलास होय, असा आक्षेप येथे सहज सुचतो. आम्हांस तो पुरता पटत नाही. माळ ओढणारा आणि लिखित जपाची वही भरणारा मनुष्यही मोजीतच असतो. मात्र ती संख्या तो कोणाच्या तरी चरणी ठेवतो. या दोघी निदान एकमेकींस धाडीत होत्या. तक्रारींचा हिशेब दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा म्हटला की तो खरा लिहावा लागतो, आणि या पुस्तकाचे बळ त्या भिडेत आहे. मनगटावरील यंत्र आज पावले मोजते, पण त्यात कोणाची भीड नाही.

आमची तक्रार निराळी आहे. नुसत्या गणनेवर चित्र उभारले की ते फसवू शकते. सप्ताहाचा प्रचलित क्रम घ्या: ९, २१, २९, ३५, ३८, ४३, ५२ या अध्यायांवर रोजचा विसावा. म्हणजे दिवसांच्या वाट्याला अनुक्रमे ९, १२, ८, ६, ३, ५ व ९ अध्याय. या संख्यांचे सात स्तंभ काढले तर पाचवा दिवस विश्रांतीचा भासेल. ज्याने छत्तिसावा अध्याय एका बैठकीत वाचला आहे, तो या चित्रास हसेल! आचारधर्माचा तो विस्तार पायांस मुंग्या आणतो. ओव्या मोजल्या असत्या तर चित्र बदलले असते. काय मोजावे हे ठरविण्यातच अर्धे आरेखन संपते, आणि ‘डिअर डेटा’च्या काही कार्डांत रंगांची हौस या विचाराच्या पुढे धावली आहे, असे आमचे मत आहे.

दुसरे, मूळ कार्डे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेली. वाचकाच्या हाती येते ती छपाई. टपालाचे शिक्के दिसतात, पण बोटास लागत नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वह्यांत यजमान स्वहस्ताने नाव, गाव, गोत्र लिहून जातो. आजोबांचे मोडी वळण आणि नातवाचे बॉलपेन एकाच कुळाच्या पानांवर येतात. तेथे किल्ली लागत नाही, अक्षरच पिढी सांगते. गोव्याच्या आमच्या वाचकांस देवस्थानांतील महाजनांच्या नोंदी या संदर्भात आठवतील.

कोणी भक्ताने आपल्या पारायणांची अशी वही हाताने करावयाचे मनात आणले, तर कागदापासून आरंभ करावा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून उभी आहे. असा जाड कागद शाई झेलतो. पाने सुटी ठेवून पोथीसारखी रुमालात बांधावी की जुजबंदी करावी, हा खरा प्रश्न. सुटे पान चौरंगावर सपाट बसते, म्हणून पठणास ते उत्तम. परंतु वर्षानुवर्षे भर पडणाऱ्या नोंदीस शिवणच हवी. एक पान हरवले की एक सप्ताह हरवला. दाभणाने भोके पाडण्यापूर्वी शिवणीकडे दोन बोटे समास सोडावा, खळीत चिमूटभर मोरचूद घालावा म्हणजे कसर लागत नाही. आणि शेवटची एक जुज कोरीच शिवावी, घरातील पुढच्या वाचकासाठी.