आसंजन-ग्राहक : अस्तित्व आणि सक्रियता

पेशीपटलातील इंटेग्रिन हे आसंजन-ग्राहक श्वेतपेशींवर एरवी निष्क्रिय असतात. आतून संदेश आल्यावरच त्यांची पकड घट्ट होते. इंटेग्रिनच्या पेशीतील पुच्छाशी टॅलिन या प्रथिनाचा संयोग ही या सक्रियतेची अखेरची समान पायरी होय, असे प्रतिपादन २००३ साली झाले. ते मोलाचे खरे, परंतु अपुरे आहे. त्याच पुच्छावर अन्यत्र जुळणाऱ्या किंडलिन-३ या प्रथिनातील दोषाने श्वेतपेशी-आसंजन-न्यूनतेचा तिसरा प्रकार उद्भवतो, हे २००९ साली दिसून आले. या रुग्णांत टॅलिन असते, इंटेग्रिनही असते. तरी पकड बसत नाही. टॅलिन आवश्यक असले तरी पुरेसे नाही, असाच याचा अर्थ.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. पहिल्या प्रकारात बीटा-२ इंटेग्रिन नसते वा अत्यल्प असते. तिसऱ्यात ते पटलावर असतेच. म्हणून केवळ त्याची मोजणी करणारी तपासणी रोगी बालकास निर्दोष ठरवील. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेने या न्यूनतेच्या रुग्णांचा अभ्यास केला आहे. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले वा जामखेड येथे बालकास प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरापाशी लक्षणांचाच आधार असतो. आईबाप परस्परांचे आतेमामे भावंड, वारंवार जंतुसंसर्ग, तरी जखमेत पू नाही, एवढ्यावरून न्यूनतेचा संशय घ्यावा. जोडीला रक्तस्राव असल्यास, रक्तबिंबिकांनाही किंडलिन-३ लागत असल्यामुळे, मोजणी निर्दोष येऊनही तपास थांबवू नये.