घट्ट झालं म्हणजे क्रीम झालं का?

थंडी सुरू झाली की घरगुती क्रीमच्या कृतींचं पीक येतं. व्हिडिओ असो, व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो असो की बचत गटाच्या प्रशिक्षणात वाटलेली झेरॉक्स, कृती जवळपास एकच असते: मधमाशीचं मेण आणि खोबरेल वितळवा, त्यात गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घाला, भरपूर फेटा. आणि शेवटी, 'पातळ वाटलं तर मेण वाढवा.' माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

नृसिंहवाडीत घट्टपणाचे दोन प्रकार पेढ्यांच्या दुकानातच बघायला मिळतात. बासुंदी घट्ट होते कारण दुधातलं पाणी आटतं. कवठाची बर्फी धरते ती फळातल्या पेक्टिनमुळे. साखर आणि आंबटपणा यांच्या मदतीने पेक्टिनचं जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकतं. दोन्ही घट्टच, पण कारणं वेगळी. क्रीमचंही तसंच आहे. त्यात एक भाग तेलाचा, एक पाण्याचा. मेण, कोकम तेल, सेटिल अल्कोहोल हे तेलाचा भाग घट्ट करतात. झँथन गम, गवार गम, जवसाचा चिकट गर हे पाण्याचा. आणि तेल-पाणी जोडून ठेवणारा इमल्सिफायर हा तिसराच घटक. या कृतींमध्ये नेमका तोच नसतो.

मेण वाढवून काय होतं? तेल घट्ट होतं, त्यामुळे पाण्याचे थेंब हळू सरकतात. स्टोक्सच्या नियमानुसार द्रव दुप्पट घट्ट केला की थेंबाचा वेग निम्मा होतो, शून्य होत नाही. म्हणजे फुटणं पुढे ढकललं जातं, इतकंच. हा अनुभव जुनाच आहे. मेण, तेल आणि गुलाबपाण्याचं 'कोल्ड क्रीम' परंपरेने दुसऱ्या शतकातल्या गॅलेनच्या नावावर आहे. त्यातलं पाणी सहज सुटायचं, उडून जायचं, म्हणून ते गार लागायचं. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यात बोरॅक्स आला. मेणातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन साबण बनतो आणि तोच इमल्सिफायरचं काम करतो. क्रीम टिकायला लागलं ते या साबणामुळे, जास्तीच्या मेणामुळे नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं, कोकम तेल 38 ते 42 च्या दरम्यान, मेण 62 ते 64 ला. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा सहज 37 च्या आसपास जातो. डिसेंबरमध्ये खोबरेलाच्या जोरावर छान बसलेलं क्रीम तेव्हा डबीत पळायला लागतं. मग मेण आणखी घाला, की तेच क्रीम पुढच्या थंडीत दगड होतं आणि अंगावर ओढल्यासारखं लागतं. उष्णतेत पातळ होणाऱ्या घट्टपणाला पाण्याच्या बाजूने आधार द्यावा लागतो. झँथनचा घट्टपणा उन्हाळ्यात फारसा बदलत नाही.

तिसरा आक्षेप चमच्याचा. झँथन 100 ग्रॅम क्रीमला 0.2 ते 0.5 ग्रॅम पुरतो. 'एक चमचा' टाकला तर शेंबडासारखं ताणलं जाणारं काहीतरी हाती येतं, आणि कोरडाच पाण्यात टाकला तर गुठळ्या. आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडायचा. छोटा डिजिटल काटा नसेल तर या भानगडीत पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून जोडी. उदाहरणार्थ, 100 ग्रॅमसाठी तेल 15, इमल्सिफाइंग वॅक्स 5, सेटिल अल्कोहोल 2, ग्लिसरीन 3, झँथन 0.3, फिनॉक्सिइथेनॉलवर आधारलेलं संरक्षक 1, बाकी 73.7 डिस्टिल्ड वॉटर. सेटिल अल्कोहोल इमल्सिफायरबरोबर थेंबांभोवती थर बांधतो आणि मऊपणा देतो. झँथन पाणी सांभाळतो. एकट्या झँथनचं क्रीम बुळबुळीत लागतं, एकट्या मेणाचं चिकट. थोडं थोडं दोन्हीकडून घेतलं की दोघांचेही दोष झाकले जातात.

सगळ्यात गंभीर चूक मात्र वेगळीच आहे. 'घट्ट आहे, म्हणजे टिकेल' असं या कृती सुचवतात. पाणी आलं की जंतू आले. घट्टपणा त्यांना अडवत नाही. कोरफड किंवा जवसाचा गर तर त्यांचं खाद्यच. तडे गेलेल्या टाचेवर किंवा लहान बाळाच्या अंगावर असं क्रीम लावणं धोक्याचं आहे. वास आला नाही म्हणजे खराब झालं नाही, असं नसतं. बचत गटाने विकायचं ठरवलं तर कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे उत्पादनाचा परवानाही लागतो. हे झेरॉक्सवर छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

या कृतींचं एक बरोबर आहे: मेण आणि तेल ही जोडी चांगली आहे, फक्त पाण्याशिवाय. एक भाग मेण, चार-पाच भाग तेल, झाला बाम. कोकणात भेगांना कोकमाचं मुठेल लावतात, त्यातही पाणी नसतंच. ज्यांच्याकडे काटा आणि संरक्षक नाही त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांनी पुढची कृती हातात आली की आधी बघावं: यातलं काय तेल घट्ट करतंय, काय पाणी, आणि दोघांना जोडतंय कोण? तिसऱ्याचं उत्तर सापडलं नाही तर मेण वाढवून उपयोग नाही.