मूळ गाणे आणि पुनर्गायन : ‘कट्यार काळजात घुसली’तील एका पदाच्या आधारे

एकाने गायिलेले गाणे दुसऱ्याने पुन्हा गायिले, तर ते मूळ गाण्याहून सरस ठरू शकते काय, हा प्रश्न रसिकांच्या बैठकीत वारंवार निघतो आणि बहुधा व्यक्तिगत आवडीनिवडीपाशी येऊन थांबतो. मराठी समीक्षेने या प्रश्नाकडे पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. तिची घडण मुख्यतः लिखित संहितेभोवती झाली. संहिता स्थिर असते, पुन्हा पुन्हा वाचता येते, म्हणून तिच्याविषयी निकष मांडणे शक्य होते. गायन हा घडून संपणारा आविष्कार. त्याच्या मूल्यमापनाचे काम संगीतसमीक्षेचे, असे साहित्यसमीक्षा मानते; आणि संगीतसमीक्षा शब्दांची बाजू साहित्यसमीक्षेकडे सोपवून मोकळी होते. संगीत नाटकातील पद या दोहोंच्या मधल्या जागेत बेवारस राहते. पुनर्गायनाचा प्रश्न नेमका याच जागेवर उभा आहे.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात या प्रकाराला ‘कव्हर’ ही रूढ संज्ञा आहे. तेथे पहिले ध्वनिमुद्रण म्हणजे मूळ, आणि नंतरच्या कलावंताने केलेले ध्वनिमुद्रण म्हणजे पुनर्गायन, अशी सोपी विभागणी आढळते. ओटिस रेडिंग यांनी १९६५ साली गायिलेले ‘रिस्पेक्ट’ हे गीत अरीथा फ्रँकलिन यांनी १९६७ साली गायिले. मूळ गीतात घरी परतलेला पुरुष मान मागतो. तीच मागणी स्त्रीच्या तोंडी येताच गीताचा सारा रोख पालटला, आणि त्या काळच्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या व स्त्रियांच्या आकांक्षांशी ते जोडले गेले. बॉब डिलन यांचे १९६७ चे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ जिमी हेंड्रिक्स यांनी १९६८ साली नव्याने सादर केले. त्याचा प्रभाव असा पडला, की पुढे डिलन स्वतःच ते हेंड्रिक्स यांच्या वळणाने सादर करू लागले. या दोन्ही उदाहरणांत पुनर्गायनाची सरसता गळ्याच्या तयारीवर अवलंबून नाही. मूळ रचनेत जी शक्यता मिटून होती, ती नव्या आविष्काराने उघडली, हे तिचे कारण आहे.

हीच कसोटी मराठी नाट्यपदाला जशीच्या तशी लावता येत नाही, कारण येथे ‘मूळ’ हीच संकल्पना संदिग्ध आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या ‘शाकुंतला’त आणि १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्रा’त कीर्तन, लावणी, साकी-दिंडी आणि कानडी पदे यांच्या चाली घेतल्या. ‘मानापमाना’ला (१९११) गोविंदराव टेंबे यांचे व ‘स्वयंवरा’ला (१९१६) भास्करबुवा बखले यांचे संगीत लाभले. तेथेही अनेक पदांच्या मागे प्रचलित चीज उभी आहे. म्हणजे पद रंगभूमीवर प्रथम गायिले गेले, तेव्हाच ते एका अर्थी पुनर्गायन होते. शब्द नवे, चाल आधीची. मग मूळ कोणते मानावे? घराण्यातून आलेली चीज, संगीतदिग्दर्शकाने बसविलेली चाल, पहिल्या प्रयोगातील गायकनटाचे गायन, की पुढे तबकडीवर उतरलेले तीन-साडेतीन मिनिटांचे रूप? व्यवहारात या चौथ्यालाच मूळ मानण्याची सवय पडली आहे. वास्तविक तो सर्वांत उत्तरकालीन आणि सर्वांत आखडलेला पाठ होय. वन्समोअरमागून वन्समोअर घेत वाढत जाणारे पद त्या तबकडीत मावणे शक्यच नव्हते.

ही गुंतागुंत ज्या नाटकाने स्वतःचा विषयच बनविली, ते नाटक म्हणजे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’. ‘नाट्यसंपदे’ने १९६७ साली ते रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी केली. राजगायकपदासाठी दोन गायकांत स्पर्धा आहे. पंडित भानुशंकर यांचे पद व हवेली खाँसाहेबांकडे जाते. पंडितजींचा शिष्य सदाशिव स्वतःची ओळख लपवून त्याच हवेलीत राहतो आणि खाँसाहेबांची गायकी कानांनी टिपून घेतो. नाटकाचा पेच असा : गाणे कोणाचे? ज्याने ते घराण्याची ठेव म्हणून सांभाळले त्याचे, की ज्याच्या गळ्यात ते पुन्हा उमलले त्याचे? पुनर्गायन हे येथे चोरीच्या आरोपाखाली उभे आहे, आणि राजाने दिलेली कट्यार हे त्या मालकीहक्काचे टोकदार प्रतीक आहे.

या पेचाचे सांगीतिक रूप ‘घेई छंद मकरंद’ या पदात प्रकटते. दारव्हेकरांचे शब्द तेच ठेवून अभिषेकींनी त्याला दोन चाली दिल्या. एक पंडितजींच्या परंपरेची, दुसरी खाँसाहेबांची. राग वेगळा, लयही वेगळी. पहिली चाल शब्दाला सांभाळून घेते. पदातील भ्रमराची प्रतिमा तिच्यात रेंगाळते, अक्षर सुटे आणि स्वच्छ उमटते, आणि स्वर शब्दाच्या आशयामागून चालतो. दुसऱ्या चालीत शब्द हे निमित्त होते. तान शब्दाला उचलते, भिरकावते आणि समेवर नेमके झेलते. येथे भ्रमराचे वर्णन मागे पडते. गायनच भ्रमरासारखे वागू लागते. पहिल्या चालीत प्रतिमा कळते, दुसरीत ती घडते.

यांपैकी सरस कोणती? श्रोत्यांनी निकाल केव्हाच देऊन टाकला आहे. वसंतरावांच्या गळ्यातील दुसरी चाल अफाट लोकप्रिय झाली. परंतु नाटकाच्या संदर्भात हा निकाल अपुरा ठरतो. दुसरी चाल जो धक्का देते, तो पहिली कानात असते म्हणून. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मांडली. त्यांच्या परिभाषेत बोलायचे, तर या दोन चालींत विरोधलय आहे, आणि तिचा समतोल दोन्ही परंपरा आत्मसात करू पाहणाऱ्या सदाशिवाच्या गळ्यात शोधायचा आहे. मैफलीत केवळ दुसरी चाल गायिली जाते, तेव्हा ती पद म्हणून पूर्ण असते. नाट्यपद म्हणून अर्धी राहते. पहिल्या चालीवर मात करून ती श्रेष्ठ ठरत नाही. पहिलीला उत्तर दिल्यामुळे ती अर्थपूर्ण होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खाँसाहेबांची घराणेदार, कडवी गायकी ज्यांनी उभी केली, ते वसंतराव स्वतः एका घराण्याचे नव्हते. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. मास्टर दीनानाथांच्या गायनाचा संस्कार तर उघड आहे. अभिषेकींची तालीमही एकाहून अधिक घराण्यांची. म्हणजे घराण्याच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणारे पात्र अनेक ठिकाणांहून वेचलेल्या विद्येतून साकारले. नाटकात सदाशिव जे लपून करतो, तेच त्या भूमिकेमागचा कलावंत आयुष्यभर उघडपणे करीत आला होता. या दृष्टीने पाहता ‘मूळ’ गायनातही पुनर्गायनाचे थर आहेत.

वसंतरावांचे १९८३ साली निधन झाले. २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक नव्याने रंगभूमीवर आले. त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले आणि अभिषेकींचे शिष्य महेश काळे सदाशिव. २०१५ साली भावे यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. त्यात पंडितजींची भूमिका शंकर महादेवन यांनी केली; खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर होते आणि त्यांचा गाता आवाज राहुल देशपांडे यांचा होता. एकाच भूमिकेचे तीन आविष्कार असे तुलनेसाठी उपलब्ध झाले.

चित्रपटातील पुनर्गायन ध्वनीच्या दृष्टीने अधिक निर्दोष आहे, याविषयी दुमत होऊ नये. स्वर नितळ, वाद्यमेळ समृद्ध, प्रत्येक हरकत ठळक. पण खाँसाहेबांच्या पदांना या निर्दोषपणाची किंमत मोजावी लागली. रंगभूमीवर गाणारा देह आणि संतापणारा देह एकच होता. संवादात चढलेला श्वास पदात उतरत असे. तान फसण्याची जोखीम प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घेतली जाई, आणि खाँसाहेबांचा अहंकार त्या जोखमीतूनच सिद्ध होत असे. पार्श्वगायनात चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा झाल्याने ही जोखीम नाहीशी झाली. हा गायकाचा उणेपणा नव्हे, कारण तोच गायक २०१० च्या प्रयोगांत ती जोखीम स्वतःच्या देहाने घेत होता. फरक माध्यमाने केला.

उलट पंडितजींच्या बाजूला चित्रपटाने निश्चित भर घातली. वसंतरावांच्या प्रभावामुळे रसिकांच्या स्मृतीत ‘कट्यार’ हे खाँसाहेबांचे नाटक होऊन बसले होते आणि पंडितजींची गायकी पराभूत पक्षाची म्हणून फिकी पडली होती. महादेवन यांच्या भरदार, प्रसन्न आवाजाने तिला तिचे वजन परत मिळाले. येथे गाता देह आणि अभिनय करणारा देह एकच राहिला, हाही योगायोग नव्हे. दोन गायकी तुल्यबळ असल्याशिवाय सदाशिवाची ओढाताण खरी वाटत नाही. ती तुल्यबळता या पुनर्गायनाने पुन्हा साधली. एकाच चित्रपटात पुनर्गायन एके ठिकाणी मुळाहून उणे आणि दुसऱ्या ठिकाणी काही अंशी सरस ठरते, ते असे.

या चर्चेला एक व्यावहारिक बाजूही आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या ३१-सी या कलमानुसार, पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्यावर ठरलेले स्वामित्वधन देऊन पुनर्गायनाचे ध्वनिमुद्रण करता येते. मात्र तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत वा संगीतरचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही. रचनाकाराच्या हक्काचे रक्षण म्हणून ही अट समजण्याजोगी आहे. परंतु जी परंपरा बदलातूनच जगली, तिच्या दृष्टीने ती अडचणीची आहे. कायदा रचना आणि गायन यांत स्पष्ट रेघ ओढतो. नाट्यपदात ती रेघ प्रत्येक आलापीबरोबर सरकत असते. कायद्याला जी हुबेहूब नक्कल निर्धोक वाटते, ती कलेच्या दृष्टीने सर्वांत निष्फळ होय.

हीच हुबेहूब नक्कल आज नाट्यगीतांच्या स्पर्धांतून प्रतिष्ठा पावते. ध्वनिमुद्रिकेतील तान जागच्या जागी उचलणे म्हणजे परंपरा सांभाळणे, असा समज पसरतो. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची स्थिती याहून बिकट आहे. अभ्यासक्रमात त्यांना संहिता मिळते, पण चाल मिळत नाही. आणि चाल मिळाली तर एकच ध्वनिमुद्रण प्रमाण पाठ म्हणून मिळते. हस्तलिखितांच्या अभ्यासात पाठभेद नोंदविल्याशिवाय कोणी निष्कर्ष काढीत नाही. नाट्यपदाच्या अभ्यासातही गायनभेद तितक्याच काटेकोरपणे नोंदविले गेले पाहिजेत. ‘घेई छंद मकरंद’ शिकविताना दोन्ही चाली आणि त्यांचे उत्तरकालीन आविष्कार एकत्र ऐकविणे, ही त्याची किमान सुरुवात ठरेल.

तात्पर्य, पुनर्गायन मुळाहून सरस ठरू शकते. मात्र सरसतेचा निकष गळ्याची तयारी किंवा ध्वनीची स्वच्छता हा नाही. पदाचा शब्द, पात्र आणि प्रसंग यांच्याशी असलेला संबंध नव्या गायनाने अधिक खोल केला काय, हा तो निकष आहे. या कसोटीला उतरणारे पुनर्गायन मुळाला विस्मृतीत ढकलीत नाही. ते मूळ पुन्हा ऐकावयास भाग पाडते. खाँसाहेबांची चाल ऐकल्यावर पंडितजींच्या चालीकडे परतावेसे वाटते, यातच दोन्हींचे मोल आहे.