हिरवा डोळा आणि स्मरणरंजन

आपल्या दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून एका विशिष्ट जातीचा लेख हल्ली नियमाने भेटू लागला आहे. दिवेलागणीची वेळ असते. फळीवर विणलेले आच्छादन घातलेला रेडिओ असतो. वडील बटण फिरवितात, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग काचेआड एक हिरवा डोळा हळूहळू उजळतो. सारे घर त्याच्याभोवती जमते. लेखाच्या शेवटी तो डोळा मिटतो आणि त्याबरोबर एक युगही मिटले, असे आपणांस सांगण्यात येते. वाचकाला गहिवरून येते. लेखकही, बहुधा, गहिवरलेलाच असतो.

या जातीचा एक लेख काही वर्षांपूर्वी मीही लिहिला. तेव्हा पुढील टीका दुसऱ्याच्या घरावर दगड टाकण्यासाठी केलेली नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या लेखांनी त्या डोळ्याचा प्रकाश पाहिला, पण तो डोळा काय दाखवीत होता याकडे पाहिले नाही. आणि तो जे दाखवीत होता ते आमच्यासारख्या परप्रांती नोकरी केलेल्यांच्या घरांपुरते तरी फार महत्त्वाचे होते.

प्रथम ही वस्तू काय होती ते पाहू. इंग्रजीत तिला ‘मॅजिक आय’ म्हणत. अमेरिकेतील अॅलन ड्युमाँट यांनी १९३२ साली तिची कल्पना सिद्ध केली आणि १९३५ च्या सुमारास आर.सी.ए. कंपनीने ती बाजारात आणली. ही एक लहानशी निर्वात नळी, म्हणजे व्हॉल्व्हच. तिच्या तोंडाशी असलेल्या लेपावर विद्युत्कण आदळले की तो हिरवा उजळतो, आणि त्या उजेडात पाचरीसारखी एक सावली पडते. केंद्राची लहर जोरकस असली की ती सावली निमुळती होत मिटते. लहर दुबळी झाली की पुन्हा पसरते. पुढे फिलिप्स कंपनीच्या संचांत पंख्यासारखे, नंतर समोरासमोर सरकणाऱ्या दोन पट्ट्यांसारखे डोळेही आले. तत्त्व मात्र तेच राहिले.

पण असला डोळा मुळात लागला कशाला? केंद्र नीट लागले की नाही हे कानाला कळत नाही काय? गंमत येथेच आहे. त्या काळच्या चांगल्या संचांत आवाजाचे नियमन आपोआप करणारी योजना असे. लांबच्या केंद्राची लहर क्षीण झाली की ही योजना संचाची ग्रहणशक्ती वाढवी. लहर बळावली की कमी करी. त्यामुळे ऐकणाराला आवाज जवळजवळ सारखाच येई. सोय मोठी खरी. पण तिने कानाची परीक्षाच काढून घेतली. केंद्रापासून काटा थोडा ढळला असला तरी आवाज मोठाच येई, फक्त बिघडलेला येई. म्हणून कानाची फसगत डोळ्याने दुरुस्त करण्याची ही युक्ती निघाली. ज्या विद्युद्दाबाने आवाज सारखा राखला जाई, तोच दाब या नळीला पुरविलेला असे. कानापासून जे लपविले जाई, ते डोळा उघड करी.

आता आपल्या स्मरणलेखांकडे वळू. स्मृती ही त्या स्वयंचलित योजनेसारखीच वागते. जे दूरचे, क्षीण, तुटक ऐकू आले होते, ते ती उचलून भरदार करते. जे कर्कश होते ते दाबते. पन्नास-साठ वर्षांनी सगळेच सारख्या, सुखद आवाजात ऐकू येते. वाङ्मयाने अशा वेळी त्या डोळ्याचे काम करावयास हवे: कोठे लहर क्षीण होती, कोठे ती तुटली, हे दाखवावयास हवे. आमचे लेख नेमके उलट करतात. ते डोळ्याचे वर्णन करतात आणि काम मात्र आवाज सारखा करण्याचे करतात.

उदाहरण म्हणून शहपुऱ्याचे घेतो, कारण माझ्या लेखाचे स्थळ तेच होते. डिंडोरीकडचे शहपुरा हे नव्हे. जबलपूरहून इटारसीकडे जाताना ज्याच्या स्थानकाच्या नावाला भिटोनी जोडलेले आहे, ते शहपुरा. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होती, आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे महाकोशलातल्या कचेऱ्यांतून मराठी कारकून, मास्तर, अंमलदार सर्रास आढळत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, महाकोशल नव्या मध्य प्रदेशात राहिला, राजधानी भोपाळला गेली. कित्येक घरांना एका दिवसात कळले की आपले गाव दुसऱ्या राज्यात आहे. रेडिओचा काटा मात्र रात्री नागपूरच शोधीत राहिला. १९४८ साली सुरू झालेले ते केंद्र आमचे मराठीचे सर्वांत जवळचे केंद्र होते.

माझ्या लेखात मी त्या शहपुऱ्याच्या घरात हिरवा डोळा तेवत ठेवला होता. वडील बातम्या लावीत आहेत, आई आणि आम्ही भावंडे जवळ बसलो आहोत, आणि डोळ्याचा हिरवा उजेड सर्वांच्या चेहऱ्यांवर पडला आहे, असे ते चित्र होते. लेख अनेकांना आवडला. आईने, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती, तो ऐकून घेतला आणि दोन गोष्टी शांतपणे सांगितल्या. एक अशी की शहपुऱ्याच्या आमच्या घरात वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले आणि त्याला डोळा नव्हता. डोळ्याचा संच पुढे जबलपूरला आल्यावर घेतला. दुसरी अशी की ती आमच्याबरोबर बसत नसे. त्या वेळी ती चुलीपाशी असे.

पहिली गोष्ट मी पडताळून पाहिली, आणि यंत्रशास्त्र आईच्याच बाजूचे निघाले. सुरुवातीच्या त्या डोळ्याच्या तारेला ६.३ व्होल्टवर ०.३ अँपियर, म्हणजे जवळजवळ दोन वॅट वीज लागे. बॅटरीवर चालणाऱ्या संचातला एखादा व्हॉल्व्ह १.४ व्होल्टवर अवघ्या ०.०५ अँपियरात काम करी. तेव्हा महिनोन्‌महिने पुरवून वापरावयाच्या बॅटरीवर असला डोळा कोण लावील? पुढे बॅटरी-संचांसाठी उद्गारचिन्हाच्या आकाराचा एक चिमुकला दर्शक निघाला खरा, परंतु आठवणींतला तो गोल डोळा नव्हे. म्हणजे आमच्या शहपुऱ्याच्या घरातला तो उजेड मी नंतरच्या घरातून उचलून आणला होता.

दुसरी गोष्ट पडताळण्याचे साधन नाही, आणि गरजही नाही. तिला रेडिओ ऐकू येई, पण तो लावणे तिच्या हाती नव्हते. आजूबाजूला मराठी बोलणारी बाई नव्हती. नागपूरचा मराठी कार्यक्रम तिला हवा असे आणि दिल्लीच्या बातम्या वडिलांना हव्या असत. काट्यावर हात वडिलांचा होता. माझ्या लेखात यातले काहीच नव्हते. तिचा चेहरा मी प्रकाशात आणून बसविला, आणि तेवढ्याने तिचे एकाकीपण पुसून टाकले. तपशिलाची चूक क्षम्य ठरेल. ही मला तशी वाटत नाही.

हीच गोष्ट व्यापक प्रमाणावर घडते. ‘गीतरामायण’ घ्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकरांची ही छपन्न गीते सुमारे वर्षभर क्रमाने प्रसारित केली. संगीत सुधीर फडके यांचे होते. परंतु गाणारे अनेक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, लता मंगेशकर असे निरनिराळे स्वर त्या पात्रांना लाभले होते. पुढे फडक्यांचे कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या, आणि आज आठवणीत जे वाजते ते बहुतेकांच्या बाबतीत त्यांच्या एकट्याच्या आवाजात वाजते. तो आवाज थोरच आहे. पण ‘आम्ही ते रेडिओवर ऐकले’ असे म्हणताना आपण पुष्कळदा तबकडीची आठवण सांगत असतो. शिवाय मध्यमलहरी दिवसा दूरवर जात नाहीत, रात्री आकाशातून परावर्तित होऊन जातात. पुण्याची लहर भर सकाळी नर्मदाकाठी पोचणे निसर्गनियमानेच कठीण होते. तेव्हा महाकोशलातल्या कितीजणांनी ते खरोखर तेव्हा ऐकले आणि कितीजणांनी पुढे आपल्या बालपणात नेऊन ठेवले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आणि त्या डोळ्यासमोर आम्ही ऐकत काय होतो? १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांवर बंधने आली, निर्मात्यांशी वाद झाला, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ साली विविधभारती येईपर्यंत, आणि नंतरही, कितीतरी मराठी घरे कोलंबोची ती लघुलहर पकडीत. लघुलहरीवर लहर सतत कमीजास्त होते. डोळ्याची पापणी सर्वांत जास्त थरथरली असेल ती तेथे, हिंदी सिनेमाच्या गाण्यांपाशी. आमच्या स्मरणलेखांत मात्र तो डोळा कीर्तन, नाट्यसंगीत आणि श्रुतिका यांखेरीज कशावर स्थिरावल्याचे मी वाचलेले नाही. एका मराठी मंत्र्याने नकोशी ठरविलेली गाणी आपल्याच घरात चोरून आवडत होती, हे कबूल करण्यात कमीपणा कसला?

याचे मूळ मला आपल्या लघुनिबंधात दिसते. फडके, खांडेकर, काणेकर यांनी तो रुजविला तेव्हा क्षुल्लक वस्तूवरून जीवनाविषयी काही बोलावे, हा त्यातला आनंद ताजा होता. पुढे त्याचा साचा झाला: वस्तू केवळ निमित्त, आणि भावना आधीच ठरलेली. या साच्यातून वाट काढणारे लेखनही आपल्याकडे झाले. इंदुरात जन्मलेल्या दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. त्यात झाड हे झाडच असते. कोणत्या महिन्यात कोणते पान कोणत्या रंगाचे असते हे आधी पाहिलेले असते, आणि भावना त्या पाहण्यातून येते. रेडिओवर लिहिणाऱ्यांनी अशी नजर ठेवली असती, तर संच विजेवर होता की बॅटरीवर, दरवर्षी डाकघरात परवान्याचे पैसे कोण भरी, केंद्र कोण निवडी आणि ते कोणाला नुसतेच ऐकू येई, हे त्यांच्या लेखात आले असते. आणि लेख त्याने रुक्ष झाला नसता.

येथे कोणी म्हणेल की, बदलीच्या गावी एकट्या पडलेल्या माणसाला थोडे स्मरणरंजन लाभले तर टीकाकाराचे काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. त्या डोळ्याने सोबत केली हे खरेच आहे, आणि ज्यांनी परक्या गावी रात्री काटा फिरविला आहे त्यांना ती सोबत मी पटवून द्यावयास नको. पण ती सोबत कशाची होती? आपले माणूस दूर आहे आणि तरीही त्याचा शब्द आत्ता, इतक्या बळाने, येथवर येत आहे, याची ती खूण होती. अंतर वजा केले की तिचा अर्थच उरत नाही. पुण्यात बसून पुणे केंद्र ऐकणाराच्या डोळ्याची सावली मिटलेलीच राहणार. ती हलत होती ती आमच्याकडे.

त्या नळ्यांवरील लेप काही हजार तासांच्या वापराने विझत जातो. जबलपूरचा तो संच अजून माझ्यापाशी आहे. आवाज ठीक येतो; डोळा मात्र खोलीत पुरा अंधार केल्याशिवाय दिसत नाही, पण दिसतो तेव्हा सावली अजून बरोबर हलते. शहपुऱ्यावरचा माझा लेख पुन्हा छापण्याविषयी अलीकडे विचारणा झाली. त्यातला डोळा मी काढून टाकला आहे, आणि आईला पुन्हा चुलीपाशी बसविले आहे. लेख त्यामुळे थोडा कमी गोड झाला. तिला तो आता वाचून दाखविता येत नाही, एवढेच.